उसन्या इंजिनाची तुफानी

सोलापूरहून हैद्राबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. बाहेरगावचे लोक इथं थांबतात ते किल्ल्यातला पाणी महाल बघायला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहू लागले की गर्दी होते, कणसं भाजणाऱ्यांची चांदी होते. बोरी नदीवरच्या पुलासाठी मात्र कोणी थांबत नाही. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय लष्कराचं सगळं लक्ष त्या पुलावर होतं. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या फौजा सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या हैद्राबाद संस्थानाच्या हद्दीत शिरल्या होत्या. पूल उडाला असता तर भर भाद्रपदात रणगाडे नदीच्या अलीकडेच अडकले असते. पूल उडवायची कामगिरी निजामाच्या बाजूनं एका भाडोत्री इंग्रजावर सोपवलेली होती. तो पकडला गेला, पूल शाबूत राहिला, आणि दुपारी तीन-सव्वातीनला भारतीय तुकडी उमरग्यात पोचली. दुसरीकडे तुळजापूरला निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी दोन तास झुंज दिली. लोहाऱ्याच्या वाटेवर नदीला पूर आला होता, म्हणून तिकडची तुकडी अडली. दुसऱ्या दिवशी गुरख्यांनी धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, गल्लीबोळांतून लढत घेतलं.

ही हकीकत जिल्ह्यात अनेकांना ठाऊक आहे. माझं लक्ष आहे ते वर, आभाळाकडे. १४ तारखेला उमरग्याहून राजेश्वरकडे सरकायचं होतं. टेहळणीच्या विमानांना त्या रस्त्यावर दबा धरून बसलेली मोर्चेबंदी दिसली, म्हणून हवाई दलाची टेंपेस्ट विमानं बोलावली गेली. त्यांनी वाट मोकळी केली आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आलं.

टेंपेस्ट हे ब्रिटिश विमान. पुढं पंखा, त्यामागं अठरा सिलिंडरचं सेंटॉरस इंजिन, ताकद अडीच हजार अश्वशक्तीच्या आसपास. पंख्याचं विमान जितकं पुढं जाऊ शकतं जवळजवळ तितकं ते गेलेलं होतं. त्याच्या पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या आणि त्यांचं नाव होतं हिस्पानो. या तोफेचा मूळ आराखडा पॅरिसजवळच्या बुआ-कोलोंब इथल्या हिस्पानो-सुईझा कारखान्यातला. महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटननं तिचा परवाना घेतला आणि पुढं आपल्या बहुतेक लढाऊ विमानांवर तीच बसवली. म्हणजे उमरग्यावरून गेलेल्या त्या विमानांचं शस्त्र मुळात फ्रेंच होतं. पाच वर्षांनी भारतानं फ्रान्सकडून पहिलं लढाऊ जेट विमान घेतलं, त्याचं इंजिन मुळात ब्रिटिश होतं. तोफ गेली, इंजिन आलं. या अदलाबदलीच्या मधल्या काळात फ्रान्समध्ये काय चाललं होतं, ते मला सांगायचं आहे.

विमानवेड्या मंडळींचा एक आवडता खेळ आहे. १९४० साली फ्रान्स पडलाच नसता तर? मग ते कागदावर काल्पनिक फ्रेंच विमानं उडवतात: १९४१ चं अमुक, १९४३ चं तमुक, आणि १९४४ ला थेट फ्रेंच जेट. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचलेल्या मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही. विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर, असं म्हणून आपणही बखरीची पानं उलटी फिरवलेली आहेत. खेळाला माझी हरकत नाही. पण फ्रेंच विमानांच्या बाबतीत मला तो जरा अनावश्यक वाटतो. प्रत्यक्षात जे घडलं त्यापुढं कल्पना फिकी पडते.

उदाहरणार्थ ब्लोश एम.बी. १५७. मार्सेल ब्लोश यांच्या कारखान्याचं हे नवं लढाऊ विमान १९४० च्या जूनमध्ये अर्धवट बांधून झालं होतं. जर्मन फौजा पॅरिसजवळ आल्या तेव्हा ते ट्रकवर घालून दक्षिणेकडं पळवलं. रस्ते निर्वासितांच्या गाड्यांनी भरलेले. वाटेतच जर्मनांनी ट्रक गाठला. मग जर्मनांनीच ते फ्रेंच कारागिरांकडून पूर्ण करून घेतलं, आणि मार्च १९४२ मध्ये शत्रूच्या देखरेखीखाली त्यानं पहिलं उड्डाण केलं. वेग भरला ताशी सुमारे ७१० किलोमीटर! आपल्या टेंपेस्टच्या जोडीचा, आणि तोही टेंपेस्ट लढाईत उतरण्याच्या दोन वर्षं आधी. पुढं इंजिन चाचणीसाठी उतरवून घेतलं आणि उरलेला सांगाडा दोस्तांच्या बॉम्बफेकीत गेला. त्याचा एकच नग बनला, आणि लढाई त्यानं पाहिली नाही.

एमिल द्वातीन यांचं डी. ५२० हे त्या वेळचं फ्रान्सचं सर्वांत चांगलं लढाऊ विमान. १० मे १९४० ला जर्मनीनं हल्ला केला तेव्हा लढायला सज्ज अशी त्याची जेमतेम तीन डझन विमानं होती. २२ जूनला शरणागतीच्या करारावर सही झाली, तोवर चारशेच्या वर तयार झाली होती. विमानं चुकली नाहीत, मुहूर्त चुकला असं म्हणायला जागा आहे. पण डी. ५२० च्या नाकाकडं नीट बघितलं की खरी मेख दिसते. हिस्पानो-सुईझाचं त्याचं इंजिन साधारण ९०० अश्वशक्तीचं. ब्रिटिशांचं मर्लिन युद्धाच्या सुरुवातीला याच्याहून थोडंसंच पुढं होतं. युद्ध संपेपर्यंत तेच मर्लिन दीड हजाराच्या पार गेलं. दर सहा महिन्यांनी त्यात थोडी भर पडत गेली. कुठं जास्त ऑक्टेनचं इंधन, कुठं बरा सुपरचार्जर, कुठं कणखर झडपा. वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते, हे हवेचं गणित आहे. ते गणित सोडवायची पाच वर्षं फ्रान्सच्या हातून गेली. विमानाचा आकार कागदावर रेखता येतो. इंजिन मात्र रोज चालवून, जाळून, फोडून, पुन्हा जोडूनच शिकावं लागतं.

मार्सेल ब्लोश यांची पाच वर्षं कशी गेली तेही ऐकण्यासारखं आहे. ज्यू घरात जन्मलेला हा इंजिनियर पहिल्या महायुद्धात विमानाच्या पंख्याचा ‘एक्लेर’ हा नमुना काढून नावारूपाला आला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांसाठी काम करायला त्यांनी नकार दिला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत धाडलं गेलं. एप्रिल १९४५ मध्ये ते तिथून जिवंत बाहेर पडले, तेव्हा त्यांना नीट चालताही येत नव्हतं. त्यांचे भाऊ सेनानी होते आणि भूमिगत चळवळीत ‘शारदासो’ या टोपणनावानं वावरत. फ्रेंचमध्ये रणगाड्याला ‘शार दासो’ म्हणतात. युद्धानंतर कुटुंबानं तेच नाव किंचित बदलून आडनाव म्हणून घेतलं: दासो. आज राफालच्या निमित्तानं आपल्या वर्तमानपत्रांत जे नाव येतं, ते असं एका भूमिगताच्या टोपणनावातून आलेलं आहे.

फ्रान्सचे कारखाने मात्र त्या काळात बंद नव्हते. ते जर्मन विमानं बनवत होते. मुक्ती झाल्यावर साचे, सुटे भाग, कामगार सगळं जागेवरच होतं, म्हणून फ्रान्सनं तीच जर्मन विमानं फ्रेंच नावानं बनवणं चालू ठेवलं. फोक-वुल्फ १९० हे शत्रूचं नामांकित लढाऊ विमानही फ्रेंच हवाई दलाच्या खुणा लावून उडालं. ते फार टिकलं नाही. कब्जाच्या काळात त्या भागांत कामगारांनी मुद्दाम ठेवलेली खोट आता त्यांच्याच वैमानिकांना भोवत होती, असं सांगतात. शत्रूचं घर जाळायला ठेवलेला निखारा आपल्याच पायाखाली यावा, तसं.

त्याच सुमारास आर्सेनाल व्ही.बी. १० नावाचं एक जंगी विमान पूर्ण झालं. त्यात एक इंजिन वैमानिकाच्या पुढं, एक मागं, आणि दोन्हींचे पंखे नाकावरच एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारे. कल्पना युद्धाआधीची, पहिलं उड्डाण १९४५ च्या जुलैत, आणि दोनशे विमानांची मागणी नोंदवून १९४८ मध्ये सगळं रद्द. एका जोखडाला दोन बैल पुढं-मागं जुंपावेत असा तो प्रकार होता. तोवर जमानाच पालटला होता.

जमाना पालटला म्हणजे काय झालं? पंख्याच्या विमानाला एक हद्द असते. विमान जोरात जाऊ लागलं की पंख्याच्या पात्याचं टोक आवाजाच्या वेगाला भिडतं. तिथून पुढं पातं हवा मागं ढकलण्याऐवजी नुसतं ती फाडत राहतं. इंजिनाची ताकद कितीही वाढवा, वेग वाढत नाही. जेटमध्ये ही भानगडच नाही. हवा आत घ्यायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तो तापलेला झोत मागून सोडायचा. सोडता सोडता वाटेत एक चक्र फिरवून घ्यायचं, म्हणजे पुढची हवा दाबायला ताकद मिळते. सांगायला सोपं. माक्सीम गीयोम या फ्रेंच माणसानं नेमक्या अशाच इंजिनाचं पेटंट १९२१ मध्येच मागितलं होतं. पण त्या चक्राची पाती लालबुंद तापून मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात, आणि तेव्हा ती ताणून लांबू नयेत असा धातू तेव्हा कोणाकडं नव्हता. जर्मनीनं जेट युद्धात उतरवलं, पण निकेलची टंचाई असल्यानं त्यांच्या युमो इंजिनाचं आयुष्य जेमतेम दहा ते पंचवीस तास. एवढ्या तासांत आपली एसटी पुण्याला एक-दोन फेऱ्या मारते.

फ्रान्सचं पहिलं जेट ‘त्रितों’ याच जर्मन युमोवर उडालं. ल्यूसियाँ सेर्वांती यांनी १९४३ पासून, म्हणजे जर्मन पहाऱ्यात, गुपचूप त्याची आखणी केली होती. ११ नोव्हेंबर १९४६ ला, पहिल्या महायुद्धाच्या विजयदिनी, ते उडालं. मुहूर्त मुद्दाम साधलेला दिसतो. फ्रेंचांना अशा तारखांची आवड आहे, आपल्यासारखीच.

मग नमुन्यांचा नुसता पाऊस पडला. १९४६ ते १९५० या काळात फ्रान्समध्ये इतकी वेगवेगळी जेट विमानं बांधली गेली की काल्पनिक विमानं काढणाऱ्यालाही दम लागावा. रने लदूक यांचं विमान तर सरळ एक उडती नळी होतं. वैमानिक नळीच्या आतल्या कवचात बसायचा आणि हवा त्याच्याभोवतून वाहत जाऊन मागं पेटायची. त्यात फिरणारं चक्रच नव्हतं, म्हणून ते जमिनीवरून आपलं आपण उठू शकत नसे. दुसऱ्या विमानाच्या पाठीवर बसून वर जायचं आणि तिथून सुटायचं. काम १९३७ ला सुरू झालेलं, एप्रिल १९४९ मध्ये ते स्वतःच्या बळावर उडालं. नौदलासाठी तीन कारखान्यांनी तीन विमानं काढली. तिन्ही नापास झाली आणि शेवटी ब्रिटिश सी-व्हेनम परवान्यानं बांधायची वेळ आली. हौस होती, बुद्धी होती, पैसा जेमतेम होता. भरवशाचं इंजिन तेवढं नव्हतं.

ते ब्रिटननं दिलं. रोल्स-रॉइसचं ‘नीन’ हे इंजिन १९४४ मध्ये अवघ्या काही महिन्यांत आखून उभं राहिलं होतं. त्याची रचना ओबडधोबड पण कणखर. ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला गोफण फिरवतात, ती गरगर फिरवली की खडा बाहेरच्या अंगाला जोर घेतो. नीनच्या पुढचं मोठं चाक हवेला तसंच बाहेर भिरकावतं आणि घेरावरच्या नळ्यांत ती दाबली जाते. दुसरी पद्धत जर्मनांची. विहिरीच्या कामावर मजुरांची रांग घमेली हातोहात पुढं देते, तशी पात्यांची एकामागून एक चक्रं हवेला थोडं थोडं दाबत पुढं सरकवतात. रांगेची पद्धत पुढं जिंकली, कारण तिच्यात इंजिन बारीक राहतं. पण रांगेतला एक मजूर चुकला की सगळी घमेली सांडतात. गोफणीत चुकायला फारसं काही नसतं. नीनमुळे विमान पोटात जाडं होई, पण इंजिन विश्वासू.

ब्रिटननं ते फ्रान्सला परवान्यानं दिलं आणि, आज विश्वास बसणार नाही, सोव्हिएत रशियालाही विकलं. रशियानं त्याची हुबेहूब नक्कल केली आणि मिग-१५ मध्ये बसवली. कोरियाच्या युद्धात ब्रिटनच्या मित्रांवर जे विमान तुटून पडलं, त्याचं काळीज ब्रिटिशच होतं. फ्रान्समध्ये नीन बनवायचा परवाना मिळाला तो हिस्पानो-सुईझाला, म्हणजे टेंपेस्टच्या तोफा ज्या घराण्यातून आल्या त्यालाच. कंपनी मूळची बार्सिलोनाची, इंजिनियर स्विस, म्हणून नाव हिस्पानो-सुईझा. नावातसुद्धा फ्रान्स नाही!

दासोंनी या इंजिनाभोवती शक्य तितकं साधं विमान बांधलं. पंख सरळ, नाकाला हवेसाठी गोल तोंड, २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा, पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या. नाव ‘उरागां’, म्हणजे वादळ. २८ फेब्रुवारी १९४९ ला कॉन्स्तांतीं रोझानॉफ यांनी ते उडवलं. ताशी ९४० किलोमीटरच्या आसपास वेग. अमेरिका आणि रशिया तेव्हा मागं झुकलेल्या पंखांवर गेलेले होते, त्या मानानं उरागां जन्मतःच एक पाऊल मागं होतं. दासोंना ते कळत नव्हतं असं नाही. जे येतं ते आधी नीट करावं, पुढचं त्याच्या खांद्यावर उभं राहून करावं, ही त्यांची रीत. त्यांच्या भोवतालचे इतर कारखाने एका उडीत चंद्र गाठायला निघाले होते, आणि एकेक करून बुडाले.

भारताला नेमकं असंच विमान हवं होतं. १९४८ च्या अखेरीस व्हँपायर आलं होतं, तेही ब्रिटिश. सगळं एकाच दुकानातून घ्यायचं आणि दुकानदार म्हणेल तो भाव द्यायचा, हे स्वतंत्र देशाला परवडणारं नव्हतं. १९५३ मध्ये ७१ उरागांचा करार झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ती येऊ लागली. आपल्या हवाई दलानं त्यांचं नाव ठेवलं ‘तुफानी’. भाषांतर म्हणून हे मला मूळ नावापेक्षा सरस वाटतं. पुढं फ्रेंचांनी वापरलेली ३३ आणखी घेतली, एकूण १०४. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी जामनगरहून उडालेल्या तुफानींनी दीववर हल्ले केले. एप्रिल १९६५ मध्ये एक तुफानी वाट चुकून पाकिस्तानात उतरलं. ते पुढं तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवलं गेलं. तुफानीच्या पाठोपाठ १९५७ मध्ये झुकलेल्या पंखांचं ‘मिस्तेर’ आलं. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावरच्या हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांनी या मिस्तेरवरून पाकिस्तानचं कितीतरी वेगवान स्टारफायटर पाडलं. ते परतले नाहीत, आणि त्यांचं महावीर चक्र जाहीर व्हायला १९८८ उजाडलं.

शस्त्र एकाचं, हात दुसऱ्याचा, कारागीर तिसऱ्याच मुलखाचा, ही गोष्ट धाराशिव जिल्ह्याला काही नवी नाही. विजापूरची मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्की उस्ताद. पुढं ती परंड्याच्या किल्ल्यावर आली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवांनी परंड्याहून विजापूरला नेली. तोफ नेता येते. तोफ ओतणारा उस्ताद नेता आला तर अधिक बरं, हे अहमदनगरच्या निजामशाहीला कळलं होतं.

फ्रान्सलाही कळलं. युद्धानंतर त्यांनी जर्मनीतून हेर्मान ओस्त्रिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणलं. ही बी.एम.डब्ल्यू.ची जेट इंजिनं करणारी मंडळी. त्यांनी आधी कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी रिकेनबाख इथं आणि मग फ्रान्समध्ये काम करून ‘अतार’ इंजिन सिद्ध केलं. त्या नावातलं शेवटचं अक्षर रिकेनबाखचंच. हे रांगेच्या पद्धतीचं इंजिन. ते भरवशाचं व्हायला दहा वर्षं गेली, तोवर दासोंनी नीन आणि त्याच्या भावंडांवर दिवस काढले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अतार दासोंच्या विमानांत बसू लागलं आणि मिराज मालिकेचा पाया रचला गेला. त्यानंतर फ्रान्सच्या मुख्य लढाऊ विमानांना घरचं इंजिन मिळू लागलं. मिराज २००० आणि राफाल ही दोन्ही विमानं भारतानं विकत घेतली, ती इंजिनासकट फ्रेंच.

डी. ५२० चे जनक द्वातीन मात्र देश सोडून अर्जेंटिनाला पोचले. तिथं त्यांनी १९४७ मध्ये ‘पुल्की’ नावाचं जेट उडवलं, इंजिन रोल्स-रॉइसचं. त्यांच्यामागून तिथं जर्मन कुर्ट टँक आले, फोक-वुल्फ १९० चे जनक. त्यांनी पुल्की-२ बांधलं, इंजिन पुन्हा रोल्स-रॉइसचं, तेच नीन. अर्जेंटिनाचा पैसा आटला आणि टँक १९५६ मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. त्यांचं ‘मरुत’ १७ जून १९६१ ला उडालं. देखणं विमान, आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं. पण त्याच्यासाठी धरलेलं ताकदवान ऑर्फियस इंजिन ब्रिटननं पुढं नेलं नाही, आणि त्याचा खर्च उचलायला आपण तयार झालो नाही. कमी ताकदीच्या ऑर्फियसवर मरुत आयुष्यभर आवाजाच्या वेगाशीच घुटमळत राहिलं. १९७१ ला लोंगेवालाच्या वाळवंटात त्यानं चांगलं काम केलं, तरी ते कधी आपल्या आराखड्याएवढं झालं नाही.

इंजिनाची ही अडचण मरुतपाशी संपली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानानं उड्डाण केलं. ही मालिका हवाई दलाला ठरल्या वेळेत मिळू शकली नव्हती, त्याचं एक कारण म्हणजे २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं यायलाच मार्च २०२५ उजाडला. ती इंजिनं बनतात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन नावाच्या गावी.